बांगडीच्या काचेत

ती लेन्स माझ्याकडे आली तेव्हा तिच्या आत बुरशीचं बारीक जाळं धरलेलं होतं. परभणीतल्या एका जुन्या फोटो स्टुडिओचा गाळा रिकामा होत होता. निजामाच्या काळात सुरू झालेला स्टुडिओ. मालक थकले होते, मुलं हैदराबादला निघून गेली होती. पडदे, खुर्च्या, दिवे सगळं विकून झालं होतं आणि कोपऱ्यात मोठ्या लाकडी कॅमेऱ्याची ही पितळी लेन्स तेवढी उरली होती. मी ती उजेडाकडे धरून बघायला लागलो तसे मालक म्हणाले, "ले जाव सर. अंदर जाला लगा है, मगर काच अच्छा है."

मी तेव्हा ताडकळसच्या पुढच्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवत होतो. लग्न झालेलं नव्हतं. परभणीत मावशीकडे राहायचो आणि पहाटेच्या बसनं शाळेला जायचो. माझ्याकडे एक जड रशियन कॅमेरा होता, जुना घेतलेला. त्याची स्वतःची लेन्स हातभर अंतराच्या अलीकडचं काही दाखवत नसे, आणि मला तर मुंगीचं तोंड बघायचं होतं. म्हणून मी पुठ्ठ्याची नळी केली, तिला आतून काळा कागद चिकटवला, एका टोकाला कॅमेरा आणि दुसऱ्या टोकाला ती पितळी लेन्स उलटी बसवली. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून सगळं घट्ट केलं. काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून ते लेन्सपुढं लावलं, म्हणजे चित्र जरा धारदार येई.

पहिल्या रोलमधले निम्मे फोटो काळे आले आणि उरलेले हलले. मग हळूहळू कळत गेलं की अशा फोटोत रिंग फिरवून फोकस होत नाही, आपल्यालाच पुढं-मागं व्हावं लागतं, तेही गव्हाच्या दाण्याएवढं. श्वास सोडायचा, थांबायचं आणि मग बटण दाबायचं. त्या लेन्सची एक खोड होती. मधोमध केसाएवढी रेघसुद्धा स्पष्ट दिसायची, पण कडेचं सगळं गोल फिरल्यासारखं यायचं, भोवऱ्यात सापडल्यासारखं. मावशीच्या मोरीची खिडकी घोंगडीनं झाकून, दारं लावून मी तिथंच फोटो धुवायचो. मावशी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती. पहिला बरा फोटो मी तिला दाखवला तेव्हा तिनं तो लांब धरून बघितला आणि म्हणाली, "ही तर बोंडअळी. हिचं तोंड एवढं वंगाळ असतं व्हय?"

किडे मला जिथं भरपूर सापडायचे ती जागा मावशीला मी सांगितलेली नव्हती.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात आमच्या लोकांची घरं ठिकठिकाणी जळाली, तशी मावशीच्या सासरच्या गावातलीही जळाली. त्या गावाचं नाव मी इथं घेत नाही. वस्तीतली माणसं परभणीला, नांदेडला, कुणी आणखी कुठं गेली ती परत आलीच नाहीत. मावसा पुढच्या वर्षी वारले आणि मावशीची मुलं नांदेडच्या वसतिगृहात गेली. वस्ती रस्त्याच्या कडेला होती आणि माझी बस तिथूनच जायची. लहानपणी शाळेच्या सुट्ट्या मी मावशीच्या तिथल्या घरात काढलेल्या. बसच्या खिडकीतून आधी नुसतं बघायचो. मग एकदा अलीकडे उतरलो, आणि पुढं सवयच लागली. तिथं उतरायचं, शाळेची वेळ होईपर्यंत फोटो काढायचे आणि पायी शाळेला जायचं.

दगडमातीच्या भिंती अर्ध्या-अर्ध्या उभ्या होत्या. छप्परं नव्हती. तरवटा आणि काँग्रेस गवत कमरेएवढं माजलेलं. तिथं कुणी नांगरत नव्हतं, फवारत नव्हतं, म्हणून किडे सुखानं राहत होते. पानोपानी कोळी, ढेकूळ उचललं की गोल गुंडाळी करणारे बहुपायी वाणी किडे, आणि श्रावण-भाद्रपदात सोनकिडे. हिरवे, तांबूस झाक असलेले, मुलींच्या टिकल्यांसारखे. एवढ्या जिवंत गोष्टी असूनही तिथं आवाज म्हणून नव्हता. रस्त्यावरून ट्रक गेला तरी तो दुसऱ्या कुठल्या गावातून चालल्यासारखा वाटायचा.

चकचकीत पाठीच्या किड्याचा फोटो काढताना एक गंमत होते. किड्याच्या पाठीवर फोकस केला की पाठीवरचे बारीक खड्डे दिसतात. पण आपण तसूभर आणखी पुढं सरकलो की पाठ पुसट होते आणि तिच्यात उमटलेलं आजूबाजूचं जग स्पष्ट होतं. आभाळ, भिंती, झाडं, मधोमध कॅमेऱ्याची काळी चकती आणि तिच्यामागं वाकलेले आपण, सगळं मोहरीएवढ्या जागेत. आता मी तीच लेन्स डिजिटल कॅमेऱ्याला लावतो. मागच्या पडद्यावर चित्र लगेच दिसतं, मोठं करून बघता येतं, चुकलं तर पुसता येतं. तेव्हा आपण काय टिपलंय ते आठवड्या-दोन आठवड्यांनी मोरीतल्या लाल दिव्याखाली कळायचं. तोवर ती सकाळ होऊन गेलेली असायची, आणि तिथं कोण होतं कोण नव्हतं हे तपासायला मागं जाता येत नसे.

भाद्रपदातल्या एका रोलमध्ये सोनकिड्याचा फोटो छान आला होता. तो मोठा करताना पाठीवरच्या प्रतिबिंबात मावशीच्या घराची भिंत दिसली, दाराची मोकळी जागा दिसली आणि त्या जागेत एक उभी रेघ. मला वाटलं निगेटिव्हवर ओरखडा असेल. भिंगाखाली धरून बघितलं. ओरखडा नव्हता. रेघेला वरच्या बाजूला डोकं होतं.

त्या सकाळी मी एकटाच होतो याची मला खात्री होती.

पुढच्या वेळी मी त्याच घरात गेलो. चुलीच्या जागेजवळ माती उकरली की बांगड्यांचे तुकडे निघत. आगीत वितळून काहींचे गोळे झालेले, वाटाण्याएवढे, हिरव्या काचेचे. त्यातला एक पाण्यानं पुसून मी दगडावर ठेवला आणि ऊन त्यावर येईल असा बसलो. किडा पळून जातो, काच पळत नाही. त्यामुळं सावकाश आणि बरेच फोटो काढले. ते धुतल्यावर दोनमध्ये दारात ती उभी आकृती होती. एकात तिचा एक हात पुढं आलेला होता, बोलावताना येतो तसा.

मी स्वतःची समजूत घातली की हे माझंच प्रतिबिंब कुठून तरी फिरून आलंय, जुनी लेन्स आहे, कडेला सगळं फिरवते. विज्ञानाचा मास्तर असल्यामुळं मी त्यावर एक उपायही केला. पुढच्या सकाळी डाव्या खांद्यावर पांढरा रुमाल टाकून बसलो. दुसरी आकृती माझीच असेल तर तिच्याही खांद्यावर पांढरं दिसायला हवं. फोटो धुतला. काळ्या चकतीमागं मी होतो, खांद्यावर पांढरा ठिपका होता. माझ्यामागं दारात ती होती आणि तिच्या अंगावर पांढरं काही नव्हतं. बाहेर मावशी भाकरी थापत होती. तो थापण्याचा आवाज येत होता म्हणून मी तिथं थांबू शकलो.

पंधरा-एक दिवस मी बसमधून मध्ये उतरलोच नाही. पण मनातून ते जाईना. शेवटी एका सकाळी गेलो, काच दगडावर ठेवली, गुडघे टेकले आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. या वेळी फोटो काढायचा नव्हता. त्या काचेतून मागं काय चाललंय ते बघायचं होतं. मान वळवायची नाही असं ठरवलं होतं.

बराच वेळ दार रिकामं होतं. मग ते रिकामं राहिलं नाही. काचेच्या त्या हिरव्या थेंबात एक बाई भिंतीच्या कडेनं आली आणि दारात उभी राहिली. पावलांचा आवाज आला नाही. ओली माती होती, पाय अनवाणी असणार. तिचा हात पुढं आला आणि माझ्या पाठीमागून, अगदी जवळून, हलक्या आवाजात शब्द आले.

"चल गं. किती येळ बसतीस अशी भायेर? दार उघडं हाय. कडी न्हाई लावली म्या. चल आत."

मी वळलो. काठापदराचं जुनं लुगडं नेसलेली एक म्हातारी बाई होती. हातात पाटल्या, कपाळावर गोंदण. ती माझ्याकडे बघत नव्हती. दाराच्या आतल्या बाजूला भिंतीचा एक कोपरा होता, जिथं नुसती माती आणि तरवटा होता, त्या कोपऱ्याकडे ती बघत होती. तिथं कुणी बसलेलं असावं अशा उंचीवर तिची नजर होती. मी उभा राहिलो, माझं सामान खाली पडलं, तरी तिची नजर हलली नाही.

"ऐकायलीस न्हवं?" ती कोपऱ्याला म्हणाली.

तेवढ्यात गावाकडून एक तरुण बाई लगबगीनं आली. मला बघून तिनं पदर सारखा केला. शाळेमुळं ती मला ओळखत असावी. "सर, भिऊ नका. आमच्या सासूबाई हायत. सकाळ झाली की इकडं येतात. धरून ठेवलं तर वरडतात."

"कुणाशी बोलतात?"

"हितं एक बाई राहायची. आमच्या रानात कामाला यायची. तिला बोलवतात घरी. ती परभणीला गेली म्हणून किती बार सांगितलं. तर म्हणतात, कोण म्हणतंय? ही काय बसलीय." सुनेनं सासूचा दंड धरला. "वस्तीतून मधून चालू देत न्हाईत आमाला. माणसं बसलीत म्हणतात, वळसा घालून चला म्हणतात."

आणि त्या दोघी खरोखरच वळसे घालत गेल्या. सून पुढं, सासू मागं. मोकळ्या जागेत, गवतातून, कुठं उजवीकडून कुठं डावीकडून.

सून जिच्याविषयी सांगत होती ती माझी मावशी होती.

मी हे मावशीला लगेच सांगितलं नाही. जिवंत माणसाला, तू दुसरीकडं कुठंतरी रोज बसलेली असतेस, हे कसं सांगायचं? पण घरात लपवण्यासारखी जागा नव्हती आणि फोटो तिच्या हाती लागले. दिवाळीच्या आधी झाडझूड करताना तिला ते ट्रंकेवर सापडले. मी शाळेतून आलो तर ती ते घेऊन उंबऱ्यात बसली होती.

"ही आपली भिंत हाय," ती म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. म्हातारीचं वर्णन केलं तेव्हा तिनं मान हलवली. "मोठ्या बाई. वाड्यावरच्या. मी लग्न होऊन आले तवापासून त्यांच्या रानात होते. माझ्या बाळंतपणात त्यांनी डिंकाचे लाडू पाठवले होते, लपवून, घरच्यांना न कळू देता."

ती पुन्हा फोटोवर वाकली. काचेच्या प्रतिबिंबातल्या दारावर तिनं बोट ठेवलं. "ह्या त्या." मग बोट जरा बाजूला सरकवलं, कोपऱ्यातल्या काळपट डागावर. "आन् ही मी."

"मावशी, ती भिंतीची सावली आहे."

"आसंल," ती म्हणाली. पण बोट उचललं नाही.

थोड्या वेळानं ती आपणहून बोलायला लागली. हे तिनं मला आधी कधी सांगितलं नव्हतं. "आग लागली तशी पोरांना घेऊन मी वाड्याच्या मागच्या दारी गेले. आत कंदील होता. फटीतून त्यांचं लुगडं दिसायलं होतं. म्हणलं, बाई, लेकरांना तरी घ्या. तर कडीचा आवाज आला. उघडल्याचा न्हाई. लावल्याचा." तिनं फोटो पालथा ठेवला. "मग ज्वारीतून चालत निघालो. पोरीच्या तोंडावर हात दाबून धरला होता म्या, रडू नये म्हणून."

तो विषय तिथंच मिटला असं मला वाटलं. फोटो मी ट्रंकेत खाली ठेवून दिले. पण संक्रांत झाल्यावर एका सुट्टीच्या दिवशी तिनं सकाळी अंघोळ केली, पांढरं लुगडं नेसली आणि म्हणाली, "मला घेऊन चल."

बसमध्ये ती खिडकीकडे पाठ करून बसली. वस्तीपाशी उतरल्यावर मात्र पुढं झाली. मला वाट दाखवावी लागली नाही. घराच्या दारात ती थांबली, चुलीची जागा बघितली, पाण्याचा रांजण असायचा ती जागा बघितली. रडली नाही. मी कॅमेरा आणला होता, पण तो पिशवीतून काढलाच नाही.

मोठ्या बाई आल्या त्या तशाच, बिनआवाजाच्या. मावशी दारात उभी होती. त्या अगदी समोर आल्या आणि परक्या बाईला म्हणावं तसं म्हणाल्या, "जरा बाजूला व्हा बाई. मला तिच्याशी बोलायचंय."

मावशी बाजूला झाली. "मोठ्या बाई, मी आले."

"या. बसा. कुणाकडं आल्या तुमी?"

मावशीनं कोपऱ्याकडे बघितलं. "तिच्याकडंच."

"बरं केलं." मोठ्या बाईंचा चेहरा उजळला. "लय हट्टी हाय. मी रोज बोलवते, उठतच न्हाई. माझ्यावर राग हाय तिचा."

"कशाचा?"

म्हातारीनं इकडं-तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "म्या कडी लावली."

उन्हं चांगली वर आली होती. मावशीचा जबडा तेवढा घट्ट झालेला दिसला.

"तुमी सांगा ना तिला," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुमचं ऐकंल. म्हणावं, आता दार उघडं हाय. विचारा, राग गेला का म्हणून."

मावशी कोपऱ्याकडे वळली. त्या रिकाम्या कोपऱ्याकडे ती इतका वेळ बघत राहिली की मीही बघायला लागलो. माती, गवत, भिंतीवर काजळी. तिनं खरंच काही विचारलं का, मनातल्या मनात, ते मला माहीत नाही. मग ती म्हातारीकडे वळून म्हणाली, "न्हाई गेला. राग हाय म्हणायलीय."

मोठ्या बाईंनी मान डोलावली. जणू त्यांना हे माहीतच होतं, फक्त कुणीतरी बोलून दाखवायचं राहिलं होतं.

"पण तुमी हितं येऊ नका म्हणायलीय," मावशी पुढं म्हणाली. "उन्हात उभ्या राहू नका. पाय दुखतेत तुमचे. घरी जा."

"तिनं म्हणलं असं?"

"तिनंच म्हणलं."

सून आली तोपर्यंत त्या गावाकडं वळल्या होत्या. सुनेनं मावशीकडे नीट बघितलं आणि तिला ओळखलं. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि सासूला घेऊन गेली. आम्हीही निघालो. बाहेर पडताना मावशी सरळ चालली असती तर त्या कोपऱ्यावरून जावं लागलं असतं. ती वळसा घालून गेली. मीही तिच्यामागून तसाच गेलो.

त्या दिवसानंतर मोठ्या बाई वस्तीत आल्या नाहीत. सून एकदा रस्त्यावर भेटली, बसची वाट बघत होती. तिनं सांगितलं की सासूबाई आता वाड्याच्या मागच्या दारात बसून असतात. दार लावू देत नाहीत. थंडी आत येते, कुत्री आत येतात, तरी नाही. कुणी कडीला हात लावला की हात धरून ठेवतात. "पण बोलणं बंद झालंय," ती म्हणाली. "शांत हायत." ती मावशीविषयी काही विचारील असं मला वाटलं. बस आली आणि ती चढली.

उन्हाळ्यात त्या वारल्या. शाळेत कळलं. घरी येऊन मी मावशीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "बरं," म्हणाली आणि निवडत राहिली. रात्री जेवली, भांडी घासली. दुसऱ्या दिवशी जिनिंगला गेली नाही. मी तिथं राहायला आल्यापासून, ताप असतानाही, ती कामाला जाताना मी बघितली होती. त्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून झोपली आणि दिवसभर उठली नाही. मी अधूनमधून जाऊन तिचा श्वास चालू आहे का ते बघत होतो. दिवेलागणीला ती उठून बसली, केस बांधले आणि मला विचारलं, "आज बाजार हाय का रे? भाजी संपलीय."